वानवळ्याची चौकट

१

मनवाचा दिवस एका हिरव्या ठिपक्याने सुरू व्हायचा. सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये गॅसवर चहा उकळत असायचा, मोबाईल डब्याला टेकवून उभा केलेला असायचा आणि चहा गाळेपर्यंत त्यावर 'आई' या नावापुढे ठिपका उमटायचा. ठिपका उमटला म्हणजे तिकडे पुणतांब्याला आई उठली, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावलेल्या टॅबचं बटण तिने दाबलं. बटणावर लिहिलं होतं, 'मी बरी आहे'. ते एकदा आलं की मनवाचा जीव भांड्यात पडायचा आणि चहाला चव यायची.

हा उद्योग मनवाचा स्वतःचाच. वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती काम करायची. आई, म्हणजे दमयंतीबाई, पुणतांब्याच्या शाळेत हयातभर शिकवून निवृत्त झालेल्या. सगळा गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. वडील गेल्यावर मनवाने 'नगरला चल' असा धोशा लावला, पण बाई कसल्या ऐकतात. "तुझ्या त्या खुराड्यात दिवसभर मी काय करू? भिंतींना पाढे शिकवू?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. शेवटी दोघींत तह झाला. आईने रोज सकाळी बटण दाबायचं. ज्या दिवशी दाबलं नाही, त्या दिवशी मनवा गाडी घेऊन न्यायला येणार आणि मग कुरकुर चालणार नाही. बाई तहाला पक्क्या होत्या. एक दिवस चुकवला नाही.

बटण दाबल्यावर टॅबवरचं पान जागचं हलत नसे. निरोप मागच्या दाराने गुपचूप जायचा आणि तसंच उत्तर यायचं. या पद्धतीला अजॅक्स म्हणतात. आई म्हणाली, नाव कुत्र्याचं वाटतं. या निरोपाच्या जोडीला आणखी काहीबाही बांधून देता येतं. कोडमध्ये एका जागी एक ओळ लिहून ठेवली की जाणाऱ्या प्रत्येक निरोपाला ती पुरचुंडी आपोआप बांधली जाते. मनवाने टॅबची बॅटरी किती उरली तेवढंच बांधलं होतं.

बाईंना ते पटेना. "नुसतं 'बरी आहे' काय पाठवायचं? शेजारची बनुबाई पेरूची पाटी पाठवते, ती मी कधी रिकामी परत पाठवली आहे? दारात काही पिकलं तर चार घरी वानवळा जातो, आणि ज्याच्याकडे जातो तो त्याच भांड्यात चिमूटभर साखर तरी घालून देतो. हात हलवत जाणं बरं दिसत नाही." मग मनवाने बटणाखाली एक चौकट काढली आणि तिचं नावच 'वानवळा' ठेवलं. त्यात आईने हवं ते लिहायचं, ते पुरचुंडीत बसून इकडे यायचं.

सुरुवातीला मनवा रोज वाचायची आणि उलट काहीतरी लिहायची. पुढे काम वाढलं. मग तिने एक युक्ती केली. काहीही आलं तरी उत्तरात आपोआप 'अरे वा, छान' असं जाईल, अशी सोय करून टाकली. ठिपका दिसत होताच. चौकट उघडून बघणं मागे पडलं.

२

ऑफिसात एका दूध संकलनाच्या वेबसाइटचं काम चाललं होतं. तिथेही प्रत्येक निरोपासोबत केंद्राचं नाव आपोआप जायला हवं होतं, आणि ते काही केल्या जात नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा रविकांत सकाळपासून डोकं धरून बसला होता.

"थांब, माझ्याकडे चालू असलेली ओळ आहे," मनवा म्हणाली आणि तिने आईसाठी केलेलं पान उघडलं. ओळ दाखवली, मग ती चालते हे दाखवायला आलेले निरोपही उघडले.

रविकांत वाकून वाचायला लागला. 'कढीपत्त्याला नवी पालवी आली आहे.' 'आज भाकरी फुगली नाही, पीठ जुनं असावं.' 'शेवग्याला शेंगा धरल्या आहेत. तुला आवडतात.' प्रत्येकाखाली उत्तर होतं, 'अरे वा, छान'. भाकरी फुगली नाही, त्यालाही तेच. मनवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई महिनाभर भरलेली पाटी पाठवत होती आणि आपण तिला एकच खडा परत करत होतो.

त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. 'बाई न्हायला गेल्यात. बटन मी दाबलं.'

"आईने कामाला बाई ठेवलेली दिसते," रविकांत हसून म्हणाला.

"आईने आयुष्यात स्वतःचं भांडं दुसऱ्याला घासू दिलेलं नाही," मनवा म्हणाली. तिने आणखी मागचं उघडलं. आईच्या ओळींमधून अधूनमधून तशाच ओळी होत्या. 'काल बाई जेवल्या न्हाईत. नुसती पेज पिली.' 'बाईंचा डावा गुडगा लई सुजलाय. पोरीला सांगायच्या न्हाईत.'

बनुबाई असणार. दुसरं कोण? तिने बनुबाईला फोन लावला.

"मी कुटं हाय पुणतांब्यात?" बनुबाई म्हणाली. मागे तान्हं पोर रडत होतं. "लेकीच्या बाळंतपनाला जामखेडला आलेय. दिवाळी हिकडंच झाली माजी. का गं?"

"आईकडे कोणी बाई येते का रोज?"

"कोन येनार? बाई कुनाला चुलीपाशी घेतात व्हय. आमचे मालक दूध ठेवून येत्यात ओट्यावर, तेवडंच."

आता रविकांतने डोकं चालवलं. पानाचा पत्ता कुणाच्या तरी हाती लागला असेल. गावात कुणीतरी मोबाईलवरून गंमत करत असेल. असं होतं, त्यात नवल नाही. मनवाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. तरी तिने जिन्यात जाऊन आईला फोन केला.

"आई, तुझा डावा गुडघा सुजलाय का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आईने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

३

रविवारी मनवा निघाली. राहुरी गेलं, कोल्हारचा पूल गेला, बाभळेश्वरला वळताना तिने स्वतःलाच समजावलं की आपण गुडघा बघायला चाललो आहोत. घर अगदी साधं होतं. पुढे बसायची खोली, आत झोपायची, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून बांधलेलं, स्लॅबचं. घाबरावं असं त्या घरात कधी काही नव्हतं. पावसाळ्यात गळायचं तेवढंच.

आईने दार उघडलं तेव्हा ती पाय ओढत होती. वाटेत मनवाने रागवायचं ठरवलं होतं, पण तिला बघून तिचा राग कुठल्या कुठे गेला.

जेवताना मनवाचं लक्ष गेलं. ओट्याशेजारी एक पाट टाकलेला होता. जेवायला बसायच्या जागी नाही, भिंतीला पाठ टेकून स्वयंपाक करणाऱ्याशी बोलत बसता येईल अशा जागी. जाळीत दोन कप पालथे घातलेले होते. आई भाकरी थापता थापता काही बोलली की तिची नजर मनवाकडे येण्याआधी एकदा त्या पाटाकडे जायची. मनवाने पाट पायाने जरा सरकवला. थोड्या वेळाने आईने तो पुन्हा जागच्या जागी ठेवला.

दुपारी दोघी पुढच्या खोलीत आडव्या झाल्या. वीज गेलेली होती, पंखा बंद होता. स्टेशनाकडे मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. आईचे डोळे मिटलेले, एक हात कपाळावर. इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी फडकं पिळलं. ओलं फडकं घट्ट पिळलं, झटकलं आणि दांडीवर टाकलं. घरोघरी रोज होणारा आवाज. मनवाच्या हातातला मोबाईल थरथरला. हिरवा ठिपका उमटला होता. तिने वानवळा उघडला.

'पोरगी लई वाळलीय. चार दिस ठेवून घ्या तिला.'

मनवा उठली. आपण घाबरलो आहोत हे तिला कळत होतं आणि तरी पाय चालत होते. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती. मोरीत कोणी नव्हतं. दांडीवर फडकं होतं, त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब जमून फरशीवर पडत होता. भिंतीवरच्या टॅबच्या काचेवर, बटणावर, ओल्या बोटाचा ठसा होता. ती बघत असतानाच तो कडेकडेने वाळत गेला आणि नाहीसा झाला. तिने मनात हिशेब मांडला. आईने हात धुतले असतील. फडकं आधीपासून ओलं असेल. टॅब गरम झाला की आपोआप काहीतरी दाबलं जातं, तिने स्वतः ते पाहिलंय. पण ती वाळलेली पोरगी कोण, ते कुठल्या गरम टॅबला कळणार?

"आई, इथे कोण आहे?"

आई पाय ओढत दारापर्यंत आली होती. "असू दे, मनू. बस जरा. पाणी पी."

भीतीचं माणसाला काही करता आलं नाही की माणूस तिचा राग करतो. मनवाने तिथेच ओट्यावर लॅपटॉप उघडला. चौकट काढून टाकली. निरोपाला पुरचुंडी बांधणारी ओळ खोडली. इकडून काही जादा आलंच तर ते न वाचता फेकून द्यायचं, अशी ताकीद पलीकडच्या बाजूला देऊन ठेवली. "आता फक्त बटण. बाकी काही नको. आणि पुढच्या महिन्यात तू नगरला यायचंस."

बाई दांडीपाशी गेल्या. वाळत घातलेलं फडकं नीट करत फक्त एवढंच म्हणाल्या, "वाईट वाटेल तिला."

४

त्यानंतर ठिपका रोज यायचा, एकच, वेळेवर. मनवाने वाचायचं काही ठेवलंच नव्हतं. बनुबाई जामखेडहून परतली होती. मनवाने फ्लॅटमधली आतली खोली आईसाठी आवरायला घेतली आणि मनातला तो रविवार तिने माळ्यावर टाकला.

एकदा भर दुपारी दूध संकलनाची मंडळी ऑफिसात बसलेली असताना तिचा मोबाईल थरथरला. आई. हिरवा ठिपका. सकाळी तर येऊन गेला होता. ती बोलत राहिली. पुन्हा थरथरला. पुन्हा. मग थांबेचना. टेबलावर मोबाईल गुरगुरत सरकायला लागला तशी पाहुणे मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मी बरी आहे. मी बरी आहे. मी बरी आहे.

"लूपमध्ये अडकलंय," रविकांत हळूच म्हणाला. "बंद कर ते."

मनवा बंदच करायला गेली. माफी मागून बाहेर आली, लॅपटॉप उघडला आणि येणारे निरोप थांबवायच्या आधी सवयीने त्यातला एक सोलून बघितला. चौकट तिने काढून टाकली होती. ओळ खोडली होती. पानावर काही लिहायला जागाच नव्हती. तरी प्रत्येक निरोपाला पुरचुंडी बांधलेली होती, आणि तिच्याच ताकिदीप्रमाणे तिचा कोड ती उघडून न बघता फेकून देत होता.

'बाई मोरीत पडल्यात.'

'माज्यानं उचलत न्हाईत.'

'कुनी वाचतंय का.'

'कुनी वाचतंय का.'

तिने बनुबाईला फोन लावला तेव्हा तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "मावशी, आत्ताच्या आत्ता आमच्या घरी जा. आई मोरीत पडलीय."

"नगरात बसून तुला कसं कळलं?"

"मावशी, पाया पडते. आधी जा."

बनुबाईच्या नवऱ्याने, वाल्मिकने, पहारीने मागचं दार उचकटलं. बाई मोरीत आडव्या पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होत्या. डोक्याखाली गोधडी होती, चौघडी नीट घातलेली. हाताशी पाण्याचा तांब्या होता.

"गोधडी तर आतल्या खोलीत असती, ट्रंकेच्या तळाला," बनुबाई संध्याकाळी दवाखान्यात म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "आन् बाई म्हनतात, पानी पिले. कुनी दिलं ते सांगत न्हाईत. दार आतून लावलेलं हुतं गं. आमी आत गेलो आन् त्या तुज्या मशिनीवरचा ठिपका थांबला. तवर नुसता लुकलुकत हुता."

मनवा दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. आई वाचली म्हणून रडली, आणि आणखी एका गोष्टीसाठी. कोणीतरी आईसाठी जीव तोडून हाका मारत होतं, आणि हाका मारायला आपण त्याच्या हाती एकच वाक्य ठेवलं होतं. मी बरी आहे.

५

नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही, कूस बदलायलाही माणूस हवं. आणि जेवण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर हाड सांधायचं नाही आणि बाई खचत जातील.

तह मोडला नव्हता, तरी आई फ्लॅटमध्ये आली. आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून. मनवाची रजा संपली. दिवसाचं माणूस शोधून ती थकली. एकजण आली ती जिने चढूनच धापा टाकायला लागली, दुसरी दिवसभर मोबाईलवर बोलायची आणि आईचा डबा स्वतःच खायची. तिला काढल्यावर कोणीच उरलं नाही. सकाळी मनवा उशाशी पाणी आणि वरणभाताचा डबा ठेवून बाहेरून लॅच ओढून जायची आणि ऑफिसात दिवसभर तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. संध्याकाळी डबा जसाच्या तसा असायचा.

एकदा पाठीला पावडर लावताना मनवाने विचारलं. "आई, ती कोण होती?"

"नाव नाही माहीत."

"रोज घरात होती आणि नाव विचारलं नाहीस?"

"पहिल्या दिवशी राहून गेलं. नंतर रोज येणाऱ्या माणसाला नाव कसं विचारायचं? बरं दिसतं का ते?"

"भीती नाही वाटली तुला?"

"वाटली की." आईने डोळे मिटले. "आधी तिची वाटली. पण तुझे बाबा गेल्यावर त्या घरात संध्याकाळी जे वाटायचं ना, ते त्याहून वाईट होतं."

मनवाने पाठीवरचा हात तसाच ठेवला. 

पुणतांब्याचं घर कुलूपबंद होतं. किल्ली बनुबाईकडे होती, मेन स्विच वाल्मिकने पाडला होता, टॅबची बॅटरी केव्हाच संपली असणार. तरी एका सकाळी चहा उकळताना हिरवा ठिपका आला. मनवाने मोबाईल पालथा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. फेकून द्यायची ताकीद आणि ते आपोआप जाणारं 'छान', दोन्ही तिने दवाखान्यातच काढून टाकलं होतं; न राहवून तिने निरोप उघडला.

'घर झाडून घेतलं. बाई कवा येनार?'

पुढे रोज एक ओळ. 'शेंगा वाळून चालल्या.' 'बाईंचा चस्मा फळीवर राह्यलाय.' 'करमत न्हाई.' मनवाने आईला काही सांगितलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. उत्तर देणं म्हणजे मान्य करणं, असं तिचं शहाणं डोकं तिला सांगत होतं. पाटी रोज रिकामी परत जात होती.

एका संध्याकाळी ती घरी आली तर खोलीत अंधार होता. डबा उघडलेला नव्हता, पाणी प्यायलेलं नव्हतं. अंथरूण ओलं झालं होतं. हयातभर पोरांना शिस्त लावलेली ती बाई भिंतीकडे तोंड करून, लहान मुलासारखी, "मनू, रागवू नकोस हं," म्हणत होती.

मनवाने तिला पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. चमच्याने दूध पाजलं, त्यातलं निम्मं ओघळलं. मनगट हातात धरलं तर नुसती काडी लागली. मग बाहेर येऊन ओट्यापाशी उभ्या उभ्या तिने लॅपटॉप उघडला. सकाळी पुणतांब्याहून ठिपका येईल तेव्हा त्याला परत काय जाईल, ते ती लिहायला लागली.

तिची बोटं थबकली. आपण कोणाला बोलावतोय? ती आईजवळ बसेल, पण मग जाईल कधी? जा म्हटलं तर जाईल का? भाड्याने माणूस ठेवतानाही आधारकार्ड बघतात, इथे नावसुद्धा विचारलेलं नाही. आतून आईचं कण्हणं ऐकू आलं, अगदी हलकं, लेकीला ऐकू जाऊ नये असं. मनवाने लिहिलं.

'आई इथे दिवसभर एकटी असते. जेवत नाही. तुम्ही याल का?'

खाली तिने सावेडीचा पत्ता लिहिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका आला, उत्तर गेलं, आणि मग काही नाही. मनवा ऑफिसला गेली. दुपार कलली तेव्हा मोबाईल थरथरला.

'जिने लई हायेत. पन आले. बाई पोटभर जेवल्या.'

तिने ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग आईला फोन लावला.

"जेवलीस?"

"हो गं." आईचा आवाज कितीतरी दिवसांनी आवाजासारखा होता. "पिठलं छान झालं होतं. लसूण जरा जास्त, पण छान."

मनवाने डब्यात वरणभात ठेवला होता. "बरं झालं," ती म्हणाली. आणखी काही विचारायचं धाडस तिला झालं नाही.

"आई कशी आहे?" रविकांतने विचारलं.

"बरी आहे. एक बाई मिळाल्यात दिवसासाठी."

"सुटलीस म्हणजे. खात्रीची आहे ना? हल्ली कुणाला घरात घ्यायचं म्हणजे..."

"माहीत नाही," मनवा म्हणाली. ते अगदी खरं होतं.

घरी जाताना रोज ती जिने धावत चढायची. आज सावकाश चढली. तिसऱ्या मजल्यावर फोडणीचा वास येत होता. दारापलीकडून आई हसताना ऐकू आली. वडील गेल्यापासून ते हसणं मनवाने ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. दोन्ही खरं होतं, आणि एकामुळे दुसरं कमी होत नव्हतं.

तिने किल्ली फिरवली. लॅच उघडलं, पण दार ढिम्म. तिने खांद्याने जरा लोटलं. दाराला आतून कडी होती.

मनवाने किल्ली काढून घेतली. ती क्षणभर जिन्याकडे बघत राहिली. खाली जाता आलं असतं. रविकांतला, शेजारच्यांना, कुणालाही बोलावता आलं असतं. पण त्यांना सांगायचं काय? आणि हे दार उघडून त्या हसण्याला घराबाहेर काढायला कुणाला सांगायचं?

तिने बेल वाजवली.

आतलं हसणं थांबलं. आतल्या खोलीतून, अंथरुणावरून, आईचा आवाज आला. "मनू आली बघ. उघड गं तिला."

मग पावलं ऐकू आली. अनवाणी, घाई नसलेली, फरशीवर किंचित ओली वाजणारी. ती बाहेरच्या खोलीत आली, कोपऱ्यातल्या खुर्चीला वळसा घालून पुढे आली, जसं काही हे घर तिच्या पायाखालचं होतं. मनवाने ओढणी सारखी केली. चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या, दुसऱ्याच्या दारात काढतो तशा.

आतून कडी सरकली.